काटापट्टी, हिशोबपट्टी, चुकारा

आमच्या गोदामात काट्याशेजारच्या भिंतीला एक खिळा आहे. त्याला सुतळीनं बांधलेली, संगणकावर हिशोब कसा ठेवायचा ते सांगणारी एक पुस्तिका लटकत असते. ३६ पानं, झेरॉक्सचा कागद, वर प्लास्टिकचं कव्हर. ही तिची चौथी आवृत्ती. पहिली ९४ पानांची होती. ती लिहायला मला अख्खा पावसाळा लागला होता आणि ती कुणीही वाचली नाही. का वाचली नाही, हे समजायला त्यापुढचे दोन हंगाम गेले.

आमची शेतकरी उत्पादक कंपनी अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात आहे. बाहेरचे लोक या भागाला संत्र्यासाठी ओळखतात, पण आमच्या कंपनीचं पोट तूर, हरभरा आणि सोयाबीनवर भरतं. शेतकऱ्यांकडून माल घ्यायचा, वाळवून-चाळून ठेवायचा, थोड्या तुरीची डाळ करायची, विकायची. २००२ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि किमान १० शेतकऱ्यांना एकत्र येऊन अशी कंपनी काढता येऊ लागली. कंपनी म्हटली की ताळेबंद आला, लेखापरीक्षण आलं, भागधारकांची नोंद आली, पुढे जीएसटी आला. मोठ्या कारखान्याला जे हिशोब ठेवावे लागतात त्याच जातीचे हिशोब आम्हा तिघांना ठेवायचे होते. गोदाम पाहणारे काकाजी, बचत गटातून आलेली एक ताई, आणि बी.कॉम. झालेली मी. काकाजी आमच्याकडे येण्याआधी कित्येक वर्षं तालुक्याच्या बाजारात एका अडत्याकडे दिवाणजी होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण मला हे माहीत असूनही पुस्तिका लिहिताना मी ते विसरले होते.

आम्ही ईआरपीनेक्स्ट घेतलं. मुंबईत तयार झालेलं, जीपीएल नावाच्या खुल्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली दिलेलं मुक्त सॉफ्टवेअर. खरेदी, विक्री, साठा, उत्पादन, हिशोब सगळं एकाच ठिकाणी. परवान्याचे पैसे नाहीत, सर्व्हरचं भाडं तेवढं भरायचं. कोड कुणीही वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. आमच्यासारख्या कंपनीला दुसरं काही परवडलंही नसतं. पण हे सॉफ्टवेअर म्हणजे मोठा वाडा आहे. आत शिरल्यावर कोणत्या खोलीतून कोणत्या खोलीत जायचं हे दाखवणारं माणूस लागतं, आणि मोर्शी तालुक्यात तेव्हा तसं माणूस नव्हतं. बसवून द्यायला आलेला मुलगा दोन दिवस राहिला आणि जाताना मला म्हणाला, "ताई, डॉक्युमेंटेशन वाचा, सगळं आहे त्यात."

मी वाचलं. रात्री जागून वाचलं. मला ते कळलं, कारण वाणिज्य शिकलेलं होतं आणि इंग्रजी वाचता येत होतं. मग ठरवलं, हे सगळं आपल्या माणसांसाठी मराठीत आणायचं. पहिल्या प्रकरणात संगणक सुरू करणं, मग लॉगिन, मग कंपनीची मांडणी, मग खात्यांची रचना, मग वस्तूंची यादी, मग एकेका स्क्रीनवरचा एकेक रकाना आणि त्यापुढे त्याचा अर्थ. काहीही सुटू नये म्हणून मी जिवाचं रान केलं.

फेब्रुवारीत तुरीची आवक जोरात होती. काकाजींनी पुस्तिका हातात घेतली, चाळली, आणि म्हणाले, "पोरी, मेहनत लय केली तुनं. पण मले एवढं सांग, गाडी आली तं पयले काय दाबू?"

त्याचं उत्तर पुस्तिकेत होतं. ४७व्या पानावर.

त्या दिवशी मी एक गोष्ट केली, आणि आजवर या कामात मला तिच्याइतकं कशानंही शिकवलेलं नाही. मी काकाजींच्या मागे खुर्ची टाकून बसले आणि स्वतःला बजावलं की तासभर एक शब्द बोलायचा नाही. काहीही चुकलं तरी नाही. फक्त त्यांचं बोट कुठे थांबतं ते वहीत लिहायचं. हे फार अवघड असतं. आपल्याला येतं आणि समोरचा माणूस अडलाय, अशा वेळी तोंड आपोआप उघडतं. पण पुस्तिका वाचणाऱ्याच्या मागे मी रोज बसलेली नसणार. मी जिथे बोलले असते, तिथे पुस्तिकेत एक वाक्य कमी होतं.

काकाजी "माल आला" असं काही शोधत होते. स्क्रीनवर 'पर्चेस रिसीट' होतं. त्यांनी ते पाहिलं आणि पुढे गेले. परत आले, परत पुढे गेले. मी वहीत लिहिलं, "तीनदा पाहिलं, दाबलं नाही." संध्याकाळी विचारलं तेव्हा म्हणाले, "रिसीट म्हंजे पावती न? पैसे तं अजून द्याचे होते. मंग पावती कायची फाडू?"

मी तशीच बसून राहिले. ४७व्या पानावर मी लिहिलं होतं, "पर्चेस रिसीट म्हणजे खरेदीची पावती." भाषांतर शब्दाला शब्द बरोबर होतं. आणि आपल्याकडे पावती म्हणजे पैसे मिळाल्याचा कागद. ज्या माणसानं आयुष्यभर पैसे मोजून झाल्यावरच पावती फाडली, तो माल काट्यावर असताना पावती कशी करेल? ते अडले नव्हते. माझा शब्द चुकला होता.

मग मी त्यांना विचारलं, अडतीवर काय काय कागद व्हायचे. त्यांनी बोटं मोजली. गाडी काट्यावर चढली की काटापट्टी. भाव ठरून, हमाली-तोलाई वजा होऊन शेतकऱ्याचं घेणं नक्की झालं की हिशोबपट्टी. आणि पैसे हातात पडले की चुकारा. तीन वेगळे प्रसंग, कधी एकाच दिवशी, कधी आठ-आठ दिवसांच्या अंतरानं. सॉफ्टवेअरमध्येही नेमक्या याच तीन गोष्टी आहेत. पर्चेस रिसीट, पर्चेस इन्व्हॉइस, पेमेंट एंट्री. मी कॉलेजात जे प्रकरण म्हणून शिकले ते काकाजींच्या बोटांवर होतं, फक्त वेगळ्या नावांनी.

दुसरी आवृत्ती मी पहिल्या वाक्यापासून नवी लिहिली. ते वाक्य होतं, "शेतकऱ्याची गाडी काट्यावर आली." त्यानंतर काटापट्टी, आणि काटापट्टीसाठी स्क्रीनवर कोणतं बटण. बटणावरचा इंग्रजी शब्द मी बदलला नाही, कारण माणसाला स्क्रीनवर तोच दिसणार असतो. तो जसाच्या तसा चौकटीत ठेवला आणि शेजारी बाजारातला शब्द. कंपनीची मांडणी, खात्यांची रचना वगैरे प्रकरणं काढून टाकली. ती वर्षातून एकदा लागतात आणि मलाच लागतात.

वाचणारा नवखा असतो म्हणजे अडाणी असतो, असं आपण धरून चालतो, आणि माझ्या मते या कामातली सगळ्यात मोठी चूक तीच आहे. काकाजी धंद्यात नवखे नव्हते. मालाची घट, ओलावा, उधारी, बुडालेली उधारी, सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्यांना ठाऊक नव्हतं ते इतकंच, की त्यांच्या ओळखीची ही गोष्ट या यंत्रात कोणत्या नावानं राहते. त्यांना हिशोब शिकवायला जाणं हा त्यांचा अपमान होता, आणि ९४ पानं मी नेमकं तेच केलं होतं.

दुसरी अडचण भीतीची. सबमिट या बटणाची सगळ्यांनाच भीती वाटायची. ताई तर नोंद भरून सेव्ह करून ठेवायची आणि मी येईपर्यंत सबमिट दाबायची नाही. संध्याकाळी माझ्यासमोर २०-२५ अर्धवट कच्च्या नोंदी. नोंद कच्ची असेपर्यंत साठा वाढत नाही, देणं दिसत नाही, म्हणजे दिवसभर गोदामातला माल आणि संगणकातला माल वेगळा. मी पुस्तिकेत लिहिलं होतं, "सबमिट केल्यावर नोंद बदलता येत नाही." खरंच आहे ते. पण मागचं-पुढचं काही न सांगता असं वाक्य टाकलं की माणूस हात आखडतो.

इथेही काकाजींनीच वाट दाखवली. त्यांना मी सांगितलं की सबमिट केलेली नोंद खोडता येत नाही, रद्द करावी लागते. रद्द केलेली नोंद यादीत तशीच राहते आणि तिच्यावरून दुरुस्त केलेली नवी नोंद होते, तिच्या क्रमांकापुढे एकचा आकडा लागतो. ते लगेच म्हणाले, "मंग हे तं कीर्दीचंच होय. म्या कवा कीर्दीत खाडाखोड केली? चुकलं तं आडवी रेघ, सही, न खाली नवी नोंद." अगदी तेच. चूक लपवू न देणं हा जुन्या वहीचाही नियम होता. खालचा आकडा रेघेतून वाचता आला पाहिजे, म्हणून तर खरवडायला मनाई असते. ताईला हे त्यांनीच समजावलं, मी नाही. आता पुस्तिकेत त्या पानावर आधी ठळक अक्षरात लिहिलंय, "सबमिट केल्यावर चूक सापडली तर दुरुस्त होते," आणि मग कशी होते ते. हिशोबपट्टी झालेली असेल तर काटापट्टी एकटी रद्द होत नाही, आधी हिशोबपट्टी रद्द करायची, हेही तिथेच. आधी धीर, मग नियम. हा क्रम बदलला आणि कच्च्या नोंदी थांबल्या.

जमा आणि नावे यांच्यावर मात्र मला तीनदा लिहावं लागलं. ताईचा प्रश्न होता, "बँकेच्या पासबुकात पैसे आले की क्रेडिट लिहून येते, जमा. मग आपल्या कॉम्प्युटरात बँकेत पैसे आले की डेबिट काहून?" प्रश्न इतका रास्त आहे की मला वाटतं, वाणिज्य शिकलेल्या कितीतरी जणांनी तो मनातच गिळून टाकला असेल. मीही गिळला होता. परीक्षेपुरता नियम पाठ केला आणि पुढे गेले.

उत्तर असं की पासबुक ही बँकेची वही आहे, आपली नाही. त्या वहीत आपण म्हणजे एक माणूस, ज्याचे पैसे बँकेनं द्यायचे आहेत. आपण १०,००० रुपये भरले, बँकेचं आपल्याला देणं १०,०००नं वाढलं, म्हणून बँक आपल्या नावावर जमा लिहिते. आता आपली वही उघडा. आपल्या वहीत बँक हा एक माणूस आहे, आणि त्याच्याकडून आपलं १०,००० येणं झालं. ज्याच्याकडून येणं असतं त्याच्या नावे, म्हणजे डेबिट, लिहायचं. एकच व्यवहार, दोन वह्या, आणि दोन्ही बरोबर. ताईला हे कळलं ते बचत गटाच्या उदाहरणानं. गटाच्या वहीत तिची बचत तिच्या नावावर जमा असते, आणि तीच रक्कम तिनं घरच्या वहीत "गटाकडे इतके" म्हणून लिहिलेली असते. अर्थातच दोन वह्या, दोन बाजू. पुस्तिकेत हे एक पूर्ण पान आहे आणि त्यात बटण एकही नाही. कुणीतरी म्हणेल, सॉफ्टवेअरच्या पुस्तिकेत याचं काय काम? माझ्या मते हेच पान नसतं, तर बाकीची ३५ पानं नुसती बटणांची यादी झाली असती.

डॅनिएले प्रोसिडा यांची डायाटॅक्सिस नावाची मांडणी मी नंतर वाचली. ते म्हणतात की सॉफ्टवेअरबद्दलचं लेखन चार तऱ्हांचं असतं. हात धरून शिकवणारं, अमुक काम कसं करायचं ते सांगणारं, संदर्भ म्हणून पाहायचं, आणि समजावून सांगणारं. चौघांची गरज वेगवेगळ्या वेळी लागते आणि त्यांची मिसळ केली की वाचणारा गोंधळतो. मला तेव्हा माझ्या पहिल्या आवृत्तीचं दुखणं कळलं. मी शब्दकोश लिहिला होता आणि तो वाट विचारणाऱ्याच्या हातात दिला होता. आता काट्याजवळच्या पानांवर फक्त कृती आहे. समजावणं मागच्या भागात, चहाच्या वेळी वाचायला.

मापांचं पान मात्र मी मुद्दाम पुढे, दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं. आमच्याकडे माल कट्ट्यांत येतो. कट्टा म्हटलं तर ५० किलो, पण दर कट्टा ५०चाच भरत नाही. कुणी उत्साहात वस्तू तयार करताना तिचं मूळ माप 'कट्टा' असं टाकलं आणि त्यावर एक जरी व्यवहार झाला, तर पुढे ते माप सरळ बदलता येत नाही, वस्तूच नव्यानं तयार करावी लागते. माप किलोच ठेवायचं, कट्टा फक्त मोजणीच्या सोयीला. अशा काही मोजक्याच गोष्टी असतात ज्या नंतर सुधारत नाहीत. त्या पहिल्या पाच पानांत आल्याच पाहिजेत. बाकी काही उशिरा कळलं तरी चालतं.

डाळीच्या प्रकरणाचं दुखणं वेगळं होतं. उत्पादनाची उदाहरणं मी जिथे जिथे पाहिली, तिथे अनेक भाग जोडून एक वस्तू होते. चाकं, सांगाडा, सीट मिळून सायकल. डाळमिलमध्ये उलटं आहे. एका तुरीची डाळ होते, चुनी होते, टरफल होतं, आणि थोडी घट. त्यासाठी स्टॉक एंट्री, म्हणजे साठ्याच्या नोंदीमधला रिपॅक हा प्रकार आम्हाला सोपा पडला. एक वस्तू खर्ची टाकायची, तीन जमा करायच्या. डाळीवर किती किंमत टाकायची आणि चुनीवर किती, हे मात्र आम्हीच बसून ठरवलं, कारण हे यंत्राचं कामच नाही.

आणि माझी एक चूक. ती मी दुसऱ्या आवृत्तीत स्वतःच्या हातानं लिहिली होती. वर्षाच्या सुरुवातीला गोदामात असलेला जुना साठा कसा चढवायचा, या पानावर मी लिहिलं की पर्चेस रिसीट करा. साठा बरोबर चढला, सगळे खूश. पण पर्चेस रिसीट सबमिट झाली की सॉफ्टवेअर धरून चालतं की माल आला आणि बिल यायचं आहे, आणि तेवढी रक्कम 'स्टॉक रिसीव्ह्ड बट नॉट बिल्ड' या खात्यावर जमा करून ठेवतं. आमच्या पुस्तकात कुणाचंही देणं नसलेल्या मालाचं मोठं देणं उभं राहिलं. लेखापरीक्षकांनी बोट ठेवलं तेव्हा मार्च संपत आला होता. सुरुवातीचा साठा स्टॉक रिकन्सिलिएशन नावाच्या वेगळ्या नोंदीतून चढवायचा असतो. तीन रात्री बसून सगळं रद्द करून पुन्हा केलं. ताईनं पुस्तिकेत लिहिलं होतं तसंच केलं होतं, एकही अक्षर चुकवलं नव्हतं. ती मला काही बोलली नाही, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. छापलेल्या शब्दावर माणूस विश्वास ठेवतो. तेव्हापासून मी एकही पान स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत करून पाहिल्याशिवाय, आणि खतावणीत मागे काय उमटलं ते पाहिल्याशिवाय, लटकवलेलं नाही.

पानं जुनीही होतात. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या पाकीटबंद डाळीवर ५ टक्के जीएसटी लागू झाला. मोठ्या पोत्यातली डाळ वेगळी, पाकिटातली वेगळी. एका रात्रीत आमची विक्रीची तीन पानं चुकीची ठरली. म्हणून आता दर पानाच्या खाली तारीख असते, आणि स्क्रीनची चित्रं अगदी थोडी. बटणाची जागा बदलते. काटापट्टी आधी आणि चुकारा नंतर, हे काही बदलत नाही.

महानुभाव पंथाचं रिद्धपूर आमच्याच तालुक्यात आहे. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ आहे. महानुभाव परंपरा सांगते की नागदेवाचार्यांनी केशवराजांना संस्कृतात लिहू नका म्हणून अडवलं, का तर त्यानं आपल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. केशवराज मोठे पंडित होते, त्यांना ते सहज जमलं असतं. लिहिणाऱ्याला काय जमतं यापेक्षा कोण वंचित राहील, हा प्रश्न या मातीत सातशे वर्षांपूर्वी कुणीतरी विचारला होता, हे आठवलं की मला माझं काम लहान वाटत नाही. ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे अशा सॉफ्टवेअरवर आमच्या ताईचाही तेवढाच हक्क आहे. पण तिच्या भाषेत एक पान नसेल, तर तो हक्क कागदावरच राहतो.

मागच्या महिन्यात चौथी आवृत्ती बदलायला म्हणून खिळ्यावरून काढली. कोणती पानं मळली आहेत ते मी नेहमी पाहते. दुसरं, चौथं आणि अकरावं पान डाळीच्या भुकटीनं पिवळं झालं होतं. जमा-नावेच्या पानाचा कोपरा दुमडलेला. एकोणतिसावं पान कोरं करकरीत, ते यावेळी काढणार आहे. चौथ्या पानावर, काटापट्टीच्या पहिल्या पायरीच्या वर, पेन्सिलीनं काकाजींचं वळणदार अक्षर होतं. "आधी बारदान्याचं वजन वजा करा, मंग लिहा."

मी ते कुठेच लिहिलं नव्हतं. रिकाम्या पोत्याचं वजन वजा करायचं, हे सांगावं लागेल असं मला सुचलंच नव्हतं, आणि नव्यानं आलेला मुलगा आठवडाभर पोत्यासकट वजन टाकत होता. पाचवी आवृत्ती लिहायला घेतली आहे, तिच्यात ती पहिली पायरी झाली आहे. 'मंग' मी बदललं नाही.